हृदयाची यांत्रिक झडप: निर्णयापासून रोजच्या गोळीपर्यंत

डॉक्टर "व्हॉल्व्ह बदलावा लागेल" म्हणाले की घरातले लगेच दोन गोष्टींच्या मागे लागतात: पैसे कसे उभे करायचे आणि ऑपरेशन कुठे चांगलं होतं. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण यांत्रिक झडप बसलेल्या माणसाची पुढची वर्षं कशी जातील हे बरंचसं घरच्या गोळ्यांच्या डब्यावर आणि कोपऱ्यावरच्या लॅबवर ठरतं, आणि त्याबद्दल ऑपरेशनच्या आधी फार थोडं बोललं जातं. माझ्या आईला मायट्रल झडप बसवली तेव्हापासून तिच्या गोळ्यांचा आणि तपासण्यांचा हिशेब मी ठेवते. गोष्टी ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने इथे सांगते आहे. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा; इथले आकडे त्यांच्याशी नीट बोलता यावं म्हणून दिले आहेत.

आधी इको रिपोर्ट समजून घ्या

हृदयात चार झडपा असतात. बदलायची वेळ बहुतेकदा डाव्या बाजूच्या दोघींवर येते, मायट्रल आणि एओर्टिक. झडप दोन प्रकारे बिघडते: एकतर ती आखडून अरुंद होते, म्हणजे स्टेनोसिस, नाहीतर नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं, म्हणजे रिगर्जिटेशन. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमध्ये एमएस, एमआर, एएस, एआर अशी अक्षरं दिसतात ती याचीच. पहिलं अक्षर झडपेचं, दुसरं बिघाडाचं.

आपल्याकडे तरुण वयात मायट्रल झडप खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण संधिवाताचा ताप, ज्याला डॉक्टर रूमॅटिक फिव्हर म्हणतात. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी घसा धरतो, काही आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, मग सगळं विसरलं जातं. पुढे पंधरा-वीस वर्षांनी जिना चढताना धाप लागते. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते दीड किंवा त्याहून कमी झालं की आजार गंभीर धरतात.

इथे पहिला प्रश्न विचारा: झडप बदलायलाच हवी का? झडप फक्त आखडली असेल, फार गळत नसेल, तिच्यावर चुना (कॅल्शियम) फार साठलेला नसेल आणि डाव्या कप्प्यात गुठळी नसेल, तर मांडीतून नळी घालून फुग्याने ती उघडता येते. त्याला बीएमव्ही म्हणतात. काही गळक्या झडपा दुरुस्तही होतात. स्वतःची झडप जितकी वर्षं टिकवता येईल तितकी चांगली. म्हणून "दुरुस्ती किंवा फुगा का जमणार नाही?" हे डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत ऐकून घ्या.

यांत्रिक की जैविक, हे बसून ठरवा

बदलायचीच असेल तर दोन प्रकार आहेत. जैविक झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून बनवलेली असते. ज्या घरात प्राणी कोणता याचा विचार होतो तिथे तो आधीच व्हावा, टेबलावर झोपल्यावर नव्हे. जैविक झडपेला रक्त पातळ करणारी गोळी सहसा काही महिनेच लागते, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि तरुण शरीरात त्याहूनही लवकर. यांत्रिक झडप झिजत नाही म्हटलं तरी चालेल. मात्र तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं साधारण असं सांगतात: पन्नाशीच्या आत यांत्रिक, पासष्टीनंतर जैविक, मधल्या वयात रुग्णाशी बोलून. पण वयाच्या आकड्याआधी मी आणखी तीन गोष्टी बघेन. दर महिन्याला रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त किती उशिरा गोठतं ते बघणारी) होईल अशी लॅब पोहोचण्याजोगी आहे का? कामात जखमा होतात का? आणि रुग्ण बाई असेल तर तिला अजून मूल हवं आहे का? बीडहून सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा विचार करा. हातात कोयता, मुक्काम फडाजवळच्या कोप्यांवर, लॅब तालुक्याच्या गावी. अशा माणसाला यांत्रिक झडप बसवायचीच नाही असं नाही, पण तपासणी कुठे करायची आणि गोळ्या कुठून आणायच्या हे हंगाम सुरू व्हायच्या आत ठरलेलं हवं. हे सगळं सर्जनसमोर मोकळेपणाने मांडा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणार नाही.

आत नेमकं काय बसवतात

हृदयाच्या आतली झडप काढून तिथे बसवलेली पहिली यशस्वी कृत्रिम झडप १९६० मधली. अमेरिकेत पोर्टलंडला अल्बर्ट स्टार या सर्जनने लोवेल एडवर्ड्स या इंजिनीअरबरोबर ती तयार केली. तिच्यात धातूच्या पिंजऱ्यात एक गोळी वरखाली होत असे. पुढे कलणाऱ्या तबकडीच्या झडपा आल्या, आणि १९७७ मध्ये दोन अर्धगोल पाकळ्यांची झडप. आज जगभर जास्त वापरल्या जातात त्या या दोन पाकळ्यांच्याच. पाकळ्या पायरोलिटिक कार्बनच्या असतात, कारण तो कठीण असतो आणि त्यावर रक्त तुलनेने कमी गोठतं.

भारतात परदेशी झडपा परवडत नव्हत्या तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने स्वतःची झडप बनवायला घेतली. आधीची मॉडेलं चाचण्यांमध्ये टिकली नाहीत. साहित्य बदलत बदलत शेवटी कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूचं कडं, त्यात कलणारी खास टिकाऊ पॉलिथिलीनची तबकडी आणि शिवण्यासाठी बाहेर पॉलिएस्टरची झालर, ही रचना ठरली. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. टीटीके चित्रा या नावाने ती आजपर्यंत लाखाहून अधिक लोकांच्या छातीत बसली आहे. स्वस्त आहे म्हणजे हलकी असेल, ही शंका मनातून काढून टाका.

ऑपरेशनच्या आधीची कामं

पैशांचं आधी. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याचं ऑपरेशन बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि इको रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, म्हणून भरती व्हायच्या आतच हे सुरू करा. शिवाय नंतरच्या गोळ्या, तपासण्या आणि जाण्यायेण्याचा महिन्याचा खर्च वेगळा मांडून ठेवा.

मग दात. किडलेला दात किंवा हिरडीतला पू यातून जंतू रक्तात जातात आणि नव्या झडपेवर घर करतात. दंतवैद्याकडची सगळी कामं आधी उरकून घ्या. तंबाखू आणि मिश्री आजच बंद. श्वास आत ओढून तीन गोळ्या वर उचलायचं फुप्फुसांच्या व्यायामाचं छोटं यंत्र मिळतं. ऑपरेशनआधीच त्याचा सराव केला की नंतर कफ काढायला सोपं जातं. चाळिशीच्या पुढच्या रुग्णाची अँजिओग्राफीही बहुधा करतात. रक्तदाते विचारून ठेवा.

ऑपरेशनचा दिवस

छातीचं मधलं हाड उघडून, रक्त हार्ट-लंग मशीनवर घेऊन, हृदय थांबवून खराब झडप कापून काढतात. नव्या झडपेच्या झालरीतून गोलाकार टाके घेतात, झडप खाली सरकवून जागेवर बसवतात आणि गाठी मारतात. बाहेर बसलेल्यांना चार-पाच तास लागतील असं धरून चला. एक-दोन दिवस आयसीयू, सगळं सुरळीत असेल तर आठवड्याच्या आसपास घर. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याची कळशी उचलायची नाही, दुचाकी चालवायची नाही, उठताना हातांवर जोर द्यायचा नाही. जखमेतून पाणी आलं किंवा हाड 'कट्' वाजल्यासारखं हललं तर त्याच दिवशी दाखवा.

आता खरं काम: गोळी आणि आयएनआर

ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच वॉरफेरिन किंवा असेनोकुमेरॉल ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते. असेनोकुमेरॉल आपल्याकडे ॲसिट्रॉम या नावाने ओळखीचं आहे. ही औषधं व्हिटॅमिन केवर चालणारी रक्त गोठवण्याची साखळी मंद करतात. त्यांचा परिणाम पूर्ण दिसायला काही दिवस लागतात, म्हणून सुरुवातीला सोबत हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, देतात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या प्रकारच्या, 'तपासणी नको' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोळ्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत. डाबिगॅट्रान ही त्यातलीच एक गोळी वापरून केलेला अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावा लागला, आणि त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाला. कुणी चांगल्या मनाने "ही नवी गोळी घ्या" म्हणालं तरी बदलू नका.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती जास्त वेळ लागतो ते सांगणारा आकडा. गोळी न घेणाऱ्याचा तो १ च्या आसपास असतो. दोन पाकळ्यांची एओर्टिक झडप असेल आणि दुसरा धोका नसेल तर बहुधा २ ते ३, मायट्रलसाठी २.५ ते ३.५. मायट्रलमधून रक्त संथ वाहतं, म्हणून तिच्यावर गुठळी लवकर होते आणि आकडा थोडा वर ठेवतात. तुमचा आकडा कोणता, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. नुसतं "रक्त पातळ ठेवा" याला काही अर्थ नाही.

आमच्याकडे हा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर चालतो. रोजच्या चौकोनात रात्री आठला गोळी घेतली की आई निळ्या पेनाने मिलिग्रॅमचा आकडा लिहिते. सोमवार ते शुक्रवार २, शनिवार-रविवार ३, असा डोस असेल तर तसंच दिसतं. तपासणीच्या दिवशी आयएनआर लाल पेनाने, भोवती गोल. डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर त्या पानाचा फोटो. डॉक्टर एका नजरेत बघतात की आकडा उतरला तो गोळी चुकल्यामुळे की आणखी कशाने. वहीही चालते, पण वही कपाटात राहते आणि भिंत समोर असते.

वेळ संध्याकाळची ठेवा. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, की बदललेला डोस त्याच रात्रीपासून घेता येतो. गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडा आणि चौकोनात फुली मारा. दुप्पट कधीही घ्यायची नाही. केमिस्टकडून पट्टी घेताना मिलिग्रॅम दुकानातच वाचा. २ ची पट्टी आणि ४ ची पट्टी दिसायला सारखीच असते, आणि ती चूक महिनाभर लक्षात न येण्यासारखी आहे. कंपनीही वारंवार बदलू नका.

लॅबही एकच ठेवा. आयएनआरसाठी रक्त निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट आधीच मोजून घातलेलं असतं, म्हणून रक्त बरोबर खुणेपर्यंत भरायला हवं. कमी भरलं तर आकडा खोटा, बहुधा जास्तच येतो. ट्यूब अर्धी दिसली तर तिथेच सांगा, संकोच करू नका. सुरुवातीला तपासणी आठवड्यातून एक-दोनदा, मग आठवड्याने, आकडा स्थिर झाला की साधारण महिन्याने. डोस बदलला तर पुन्हा लवकर.

आता खाणं. पालक, मेथी, शेपू, अळू, कोथिंबीर, कोबी यांत व्हिटॅमिन के भरपूर. "पालेभाजी बंद" असं सांगणारे बरेच भेटतील. ते चुकीचं आहे. भाजी खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. श्रावणात आठवडाभर रोज अळूची भाजी आणि मग महिनाभर पानही नाही, असं झालं की आकडा वरखाली होतो. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मधे एकदा तपासणी करा. जुलाब, ताप, कावीळ यांत जेवण तुटतं आणि आकडा झपाट्याने वर जातो. दारू नकोच.

दुसरी औषधं हा सगळ्यात निसरडा भाग आहे. जुलाबाच्या गोळीतलं मेट्रोनिडाझोल, लघवीच्या संसर्गावरचं कोट्रायमॉक्साझोल, गजकर्णावरचं फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर चढतो. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं तो उतरवतात. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. साधं पॅरासिटामॉल बरं, तेही थोडेच दिवस. काढे, चूर्णं, लसणीच्या आणि हळदीच्या कॅप्सूल याही औषधंच समजा. कुठलंही नवं औषध सुरू झालं की तीन-चार दिवसांनी आयएनआर, हा नियम पाठ करून टाका.

कधी धावायचं

हिरड्यांतून थोडं रक्त, हातापायावर निळे डाग: त्याच दिवशी आयएनआर. शौचाला डांबरासारखी काळी होणं, लघवी लाल, न थांबणारा घोळणा, पाळीत नेहमीपेक्षा फार जास्त रक्त: लगेच डॉक्टर. डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयातच जा.

उलट बाजू जास्त घातक, कारण ती गुपचूप येते. यांत्रिक झडपेचा बारीक 'टिक्' आवाज येतो. शांत खोलीत तो शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येतो आणि काही आठवड्यांत सवयीचा होतो. तो आवाज दबल्यासारखा झाला किंवा बंद झाला, सोबत धाप वाढली, आडवं झोपवेना, तर झडपेवर गुठळी बसून पाकळी अडकली असू शकते. सकाळची वाट बघायची नाही. इको आणि एक्स-रेखाली पाकळ्यांची हालचाल बघायची सोय असेल अशा रुग्णालयात जा. वेळेत पोहोचलं तर गुठळी विरघळवणारं औषध किंवा पुन्हा ऑपरेशन, यातलं एक करता येतं. अचानक तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यालाही तीच घाई.

दात, ताप, इंजेक्शन

दात काढायचा किंवा हिरडीत काम असेल तर आधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. दंतवैद्याला झडपेचं आधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. आयएनआर मर्यादेत असेल तर साधा दात बहुधा गोळी चालू ठेवूनच काढता येतो. मोठं ऑपरेशन असेल तर हृदयाचे डॉक्टर हेपॅरिनची व्यवस्था करतात.

ताप दोन-तीन दिवसांच्या वर राहिला तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ही तपासणी, मागा. गोळ्या आधी घेतल्या की झडपेवरचा जंतू सापडत नाही. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेणं टाळा, स्नायूत रक्त साठतं. गावाकडे तापाला पहिलं इंजेक्शनच देतात, म्हणून हे तोंडाने सांगावं लागतं. संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन चालू असेल तर झडप बसली म्हणून ते थांबत नाही. इंजेक्शनऐवजी गोळ्या चालतील का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

मूल हवं असेल तर

हा विषय अनेक घरांत लग्नाच्या बोलण्यात दडवला जातो आणि त्याची किंमत ती मुलगी मोजते. वॉरफेरिन आणि असेनोकुमेरॉल गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, इजा करू शकतात. हेपॅरिन बाळापर्यंत जात नाही, पण त्यावर आईची झडप अडकण्याचा धोका वाढतो. कुठल्या महिन्यात काय घ्यायचं हे डोस, झडपेची जागा आणि तपासणीची सोय बघून हृदयाचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. ते गर्भधारणेच्या आधीच ठरायला हवं. पाळी चुकली की दुसऱ्याच दिवशी चाचणी करा, पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका. गोळी थांबली की झडप अडकून जीव जाऊ शकतो. मूल नको असेल तेव्हा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळा, दुसरे उपाय विचारा. बाळंतपणानंतर वॉरफेरिन घेत अंगावर पाजता येतं.

खिशातलं कार्ड

डिस्चार्जच्या वेळी झडपेचं कार्ड मिळतं. नसेल दिलं तर मागून घ्या. त्यावर झडपेचं नाव, माप, अनुक्रमांक, कुठल्या जागी बसवली आणि तारीख असते. एमआरआय काढायची वेळ आली की हेच कार्ड लागतं; आजच्या यांत्रिक झडपा असताना एमआरआय सहसा करता येतो, पण तिथले लोक मॉडेल विचारतात. कार्डाच्या मागे एका चिठ्ठीवर लिहा: गोळीचं नाव आणि डोस, आयएनआरची मर्यादा, शेवटचा आकडा, हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर. कार्डाचा फोटो घरातल्या आणखी दोघांच्या मोबाइलवर पाठवा, आणि गोळ्या कुठे ठेवल्या आहेत हेही त्यांना दाखवून ठेवा. प्रवासात गोळ्या दोन ठिकाणी वाटून न्या, अर्ध्या पर्समध्ये, अर्ध्या बॅगेत, आणि मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीच्या.